एकच फर्मा: एक्सपी आणि विंडोज ११ यांची गाठ घालताना

पाचशे पत्रिका बांधून तयार होत्या. मुलीचे वडील काउंटरपाशी उभ्या उभ्या वरचीच एक वाचत होते. कुलदैवत, निमंत्रक, आजोळची नावं असं करत खाली आले आणि मुहूर्तापाशी थांबले. "ताई, मुहूर्त बारा पस्तीसचा आहे. इथं अकरा पस्तीस छापलंय. परवा प्रुफावर मीच दुरुस्त करून दिलं होतं."

प्रूफ काढून बघितलं. लाल पेनानं ११ खोडून वर १२ लिहिलेले, शेजारी त्यांची सही. आमच्या ऑपरेटर काकांनी दुरुस्ती केलेलीही होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर १२.३५ स्वच्छ दिसत होते. छपाईच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये मात्र ११.३५. एका कामाच्या दोन फाइली झाल्या होत्या आणि मशीनवर चुकीची चढली.

पत्रिका रातोरात पुन्हा छापून दिल्या. कागद आणि मजुरी भरून निघते, पण त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. दोन कॉम्प्युटरमधलं तुटलेलं फाइल शेअरिंग पुन्हा नीट उभं करायला त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे गेले. ते सगळं इथं लिहून ठेवते आहे. ज्या छापखान्यात, वर्कशॉपमध्ये किंवा दवाखान्यात विंडोज एक्सपीवर चालणारं एखादं जुनं यंत्र अजून रोज कामावर आहे, तिथं हीच वेळ आज ना उद्या येणार.

आमचा छापखाना कराडचा. बाबांनी सुरू केला तेव्हा अक्षरांचे खिळे एका चौकटीत, म्हणजे फर्म्यात, जुळवायचे आणि ट्रेडल मशिनवर छापायचं. काका तेव्हापासूनचे, आधी कंपोझिटर आणि मग डीटीपी ऑपरेटर. त्यांचा कॉम्प्युटर पेन्टियम ४, त्यावर विंडोज एक्सपी प्रोफेशनल, पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल चालू नये म्हणून दिलेला छोटा प्लग, मागच्या पॅरलल पोर्टला, जुने प्रिंटर जोडायच्या सॉकेटला, लावलेलं आहे. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. पत्रिका, पावती पुस्तकं, अहवाल, पतसंस्थांचे फॉर्म, वीस वर्षांचं सगळं मॅटर त्या एका यंत्रात. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मागच्या वर्षीचीच पावती पुस्तकं, फक्त नंबर पुढचे घ्या." ते काम तिथं पाच मिनिटांत होतं.

"मग बदला ना तो कॉम्प्युटर" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. बदलून बघायचा विचार आम्ही मनापासून केला. नव्या मशिनला पॅरलल पोर्टच नाही. यूएसबीला पॅरलल जोडणारी वायर मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यातून ओळखलं जात नाही. नव्या मशिनच्या आत व्हर्च्युअल एक्सपी बसवला तरी लॉकाचा प्रश्न तसाच उरतो. जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण बदलल्यावर प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते. 'तऱ्हा'मधला र, 'महाराष्ट्र'मधलं जोडाक्षर, पहिल्या वेलांट्या यातलं काहीतरी कुठेतरी सरकतंच. आणि काकांच्या बोटांत तो कीबोर्ड इतका मुरला आहे की ते स्क्रीनकडे न बघता बोलत बोलत टाइप करतात. लग्नसराईच्या तोंडावर हे सगळं मोडून नव्यानं मांडणं शक्य नव्हतं.

हे इतकी वर्षं निर्धोक चाललं ते मधल्या विंडोज ७ मुळे. काकांच्या यंत्रावरचं 'काम' नावाचं फोल्डर शेअर केलेलं होतं. छपाईचा विंडोज ७ चा कॉम्प्युटर ते थेट उघडायचा. काका पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये काढायचे आणि भाऊ तिथूनच प्लेटला पाठवायचा. तुळशीची लग्नं झाली आणि आठवड्याभरात विंडोज ७ चा मदरबोर्ड गेला. नवीन कॉम्प्युटर आला, विंडोज ११ प्रो, त्याची तेव्हाची अगदी ताजी २४एच२ आवृत्ती. त्याला काकांचा कॉम्प्युटर दिसेचना.

पहिले दोन दिवस आम्ही जे सगळे करतात तेच केलं. नेटवर्क प्रोफाइल पब्लिकचं प्रायव्हेट केलं. दोन्हीकडचं वर्कग्रुपचं नाव सारखं केलं. फायरवॉल घटकाभर बंद करून पाहिली. नावानं उघडायला गेलं की एरर ८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही. पिंग, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का ते बघणं, मात्र व्यवस्थित. काकांच्या मशिनच्या १९२.१६८.१.२० या आयपी पत्त्याकडून चारही उत्तरं परत, एक मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे वायर, स्विच, लॅन कार्ड सगळं ठीक होतं. मग नाव सोडून थेट आयपीनं फोल्डर उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा वेगळा संदेश आला: हे शेअर सुरक्षित नाही, त्याला एसएमबी१ हा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो. या एका ओळीनं पुढची दिशा दाखवली. माझा सल्ला हाच आहे की नावानं जमलं नाही तर आयपीनं करून बघा. नावानं शोधताना येणारी चूक सगळ्या कारणांना एकच असते, आयपीनं गेलं की खरं कारण दिसायची शक्यता वाढते.

पण ते मला कळून उपयोगात आणेपर्यंत काम थांबणार नव्हतं, म्हणून तोवर पेन ड्राइव्ह. आणि घात त्यानंच केला.

कसा, ते दोन दिवस शोधल्यावर सापडलं. काकांच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, कधीच संपला होता. मागचा स्विच चालू असेपर्यंत घड्याळ चालायचं, पण सोमवारी रात्री लाइट गेली आणि यूपीएसही संपला. मंगळवारी सकाळी मशिन सुरू करताना काळ्या स्क्रीनवर ओळ आली, एफ१ दाबा. काकांनी दाबलं आणि कामाला लागले. तारीख १ जानेवारी २००२ झाली होती. मुहूर्ताची दुरुस्ती करून काढलेली पीडीएफ २००२ सालची म्हणून सेव्ह झाली. भावानं ती पेन ड्राइव्हवरून नव्या मशिनवर टाकताना विंडोजनं विचारलं, याच नावाची फाइल आहे, कोणती ठेवू? दोन फाइली शेजारी शेजारी दाखवल्या आणि अलीकडची तारीख ठळक अक्षरात. त्यानं ठळक होती ती ठेवली. ती सोमवारची होती, अकरा पस्तीसची.

भावाला कुणी बोललं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. बाबा तेवढं म्हणाले, "आमच्या वेळी फर्मा एकच असायचा. दुरुस्ती करायची ती त्याच फर्म्यात खिळा बदलून. दुसरा फर्मा असायचाच नाही, मग चुकीचा चढणार कुठून?"

मला काय हवंय ते त्या वाक्यानं नेमकं कळलं. फाइल इकडून तिकडे पोचली की झालं, असं नव्हतं. दोन्ही कॉम्प्युटरना एकाच जागची एकच फाइल दिसली पाहिजे होती.

आता ही मशिनं एकमेकांशी का बोलत नाहीत ते. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करण्याची जी पद्धत आहे तिला एसएमबी म्हणतात. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली, एका ऑफिसातल्या ओळखीच्या मशिनांसाठी. जोडणी होताना एक बाजू आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी सांगते आणि दुसरी त्यातली एक निवडते. एक्सपी २००१ चा. त्याला येणारी सगळ्यात नवी बोली 'एनटी एलएम ०.१२', म्हणजेच एसएमबी१. एसएमबी२ आली २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर, तिसरी पिढी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. विंडोज ७ ला जुनी आणि नवी दोन्ही यायच्या, म्हणून आमचं काम कुणाच्या लक्षात न येता चाललं होतं. २०१७ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी१ नव्या मशिनवर आपोआप बसवणं टप्प्याटप्प्यानं बंद केलं. म्हणजे आमच्या दोन यंत्रांना एकही सामाईक बोली उरली नव्हती.

इंटरनेटवर यावर एक उपाय सगळीकडे आहे. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा, 'एसएमबी १.०/सिफ्स' समोर खूण करा, रीस्टार्ट करा. भावानं खिडकी उघडून खूण केलीही होती. "ताई, दोन मिनिटांचं काम आहे, उद्या तीन पत्रिका द्यायच्यात." मी त्याला थांबवलं, आणि त्या रात्री आमच्यात चांगलीच वादावादी झाली.

माझं म्हणणं होतं की मायक्रोसॉफ्टनं ही बोली उगाच काढलेली नाही. त्यांच्याच नेड पाइल यांनी २०१६ मध्ये लोकांना जाहीर विनवणी केली होती की एसएमबी१ वापरणं थांबवा. २०१७ च्या मार्चमध्ये तिच्यातली मोठी भेग बुजवणारा पॅच आला आणि ज्यांनी तो टाकला नाही त्यांच्यावर १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस येऊन आदळला. दीडशेच्या वर देशांत पसरला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. तो कुणी मेल उघडावी म्हणून थांबत नव्हता. एका मशिनमध्ये शिरला की शेजारच्या मशिनच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे फाइल शेअरिंगच्या दारावर, स्वतःच जाऊन धडकायचा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी परिस्थिती बघून मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीही पॅच काढला. काकांच्या मशिनवर तो कुणी टाकलाच नव्हता हे मला त्याच रात्री कळलं.

नव्या मशिनवर आमचं जीएसटी भरलं जातं, बँक उघडली जाते, गिऱ्हाइकांचे फोटो आणि आधारच्या प्रती येतात. आणि एसएमबी१ ही सुरुवातच होती. २४एच२ मध्ये प्रो आवृत्तीत प्रत्येक जोडणीला डिजिटल सही लागते, पासवर्डाशिवायच्या पाहुण्याला दार उघडत नाही. लोकांनी दिलेल्या उपायांच्या याद्या वाचल्या तर या अटीही एकेक करून सैल करायला सांगितलेल्या. जुन्या यंत्राला आत घेण्यासाठी नव्या यंत्राचे सगळे अडसर काढायचे, हे मला पटेना. भावानं खूण काढली. उद्याच्या तीन पत्रिकांसाठी पेन ड्राइव्हच, पण मी स्वतः शेजारी बसून प्रत्येक पीडीएफ उघडून प्रुफाशी ताडून पाहिली.

उपाय निघाला तो दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवण्याचा. भावाकडे इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर पडून होता, हाताच्या पंजाएवढा. पुढे त्याला नुसतं पाय म्हणते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आणि लिनक्सवर सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरनं विंडोजशी फाइल शेअरिंगच्या भाषेत बोलावं म्हणून. एस, एम, बी ही अक्षरं या क्रमानं येणारा शब्द त्यांनी कॉम्प्युटरवरच्या शब्दसंग्रहात शोधला आणि त्यातून सांबा हे नाव निघालं. मला हा माणूस फार जवळचा वाटला. दुसऱ्यानं बनवलेली बोली तारेवरून ऐकून ऐकून शिकायची आणि मग सगळ्यांना फुकट द्यायची, याला मोठं मन लागतं.

मांडणी अशी केली. पायला एक एसएसडी लावली, 'काम' फोल्डर आता तिच्यावर. पायचं स्वतःचं लॅन पोर्ट राउटरला, म्हणजे नव्या मशिनच्या बाजूला. दुसरं लॅन पोर्ट यूएसबीला लावायच्या अडॅप्टरनं तयार केलं आणि त्यातून एक वायर थेट काकांच्या मशिनला. काकांची राउटरकडची वायर काढून टाकली. काकांच्या मशिनला आयपी दिला १०.१०.१०.२, पायच्या त्या टोकाला १०.१०.१०.१, आणि गेटवेची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. गेटवे नाही म्हणजे त्या यंत्राला इंटरनेटकडे जायची वाटच माहीत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यालाही नाही. पायवर एका बाजूचं दुसरीकडे ढकलणं मुळातच बंद असतं, ते तसंच ठेवलं. तो २०१७ चा पॅचही टाकला, उशिरा का होईना.

सांबाही हल्ली एसएमबी१ बोलत नाही. २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते बंद करून येतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते, सर्व्हरची किमान बोली एनटी१, म्हणजे एसएमबी१. इथं लोकांचा एक गैरसमज होतो, माझाही होता, की असं केलं की सगळेच जुन्या बोलीत बोलायला लागतील. तसं होत नाही. किमान म्हणजे याच्या खाली जायचं नाही, एवढंच. ज्याला वरची येते तो वरचीच निवडतो. फक्त राउटरच्या बाजूनं कुणी जुन्या बोलीत बोलायला आलं तर पाय त्यालाही उत्तर देईल, म्हणून पायचे अपडेट दर आठवड्याला न चुकता करायचे, हे काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

नवं मशिन पहिल्या झटक्यात जोडलं गेलं. पायवर दोन नावं बनवली, एक काकांचं आणि एक छपाईचं, दोघांना खरे पासवर्ड. विंडोज ११ ची एकही अट सैल करावी लागली नाही. सहीही झाली, पाहुण्याचा प्रश्नही आला नाही. पायवरचं 'काम' फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून उघडलं. मला वाटलं, झालं.

काकांच्या मशिनवर पासवर्डची चौकट आली. पासवर्ड घातला. चौकट परत आली. पुन्हा घातला, पुन्हा परत. काका म्हणाले, "पोरी, स्पेलिंग बघ." स्पेलिंग बरोबर होतं. पासवर्ड बदलून साधा चार अक्षरी केला, तरी तेच. वायर बदलली, मशिन चार वेळा बंद-चालू केलं. संध्याकाळचे सात वाजले, काका निघून गेले, मी आणि भाऊ त्या चौकटीसमोर बसलेलो.

सांबाचे लॉग, म्हणजे तो स्वतःच ठेवतो त्या नोंदी, वाचायचं मला सुचलं नव्हतं, ते भावाला सुचलं. त्यानं लॉगची पातळी वाढवली, मी काकांच्या मशिनवर पासवर्ड घालून एंटर दाबलं आणि त्याच्या स्क्रीनवर ओळी भराभर पडल्या. त्यात एक होती: 'एनटीएलएमव्ही१ पासवर्ड्स नॉट परमिटेड', पुढे काकांचं नाव. म्हणजे बोली जमली होती. पासवर्डही बरोबर होता. तो सिद्ध करायची पद्धत जुनी होती.

पासवर्ड तारेवरून तसाच्या तसा जात नाही. सर्व्हर एक आकडा देतो, पासवर्डाच्या मदतीनं त्या आकड्याचं उत्तर काढून परत पाठवायचं. एक्सपी मुळात हे उत्तर फार जुन्या, सहज फोडता येणाऱ्या पद्धतीनं काढतो. सांबा २०१६ पासून फक्त दुसरी, एनटीएलएमव्ही२ पद्धत स्वीकारतो. इंटरनेटवरचा सल्ला पुन्हा तोच, सांबाला सांगा की जुनीही चालेल. पण यावेळी मला आणखी एक गोष्ट सापडली. एक्सपीला नवी पद्धत येते! फक्त ती चालू केलेली नसते. काकांच्या मशिनवर रनमध्ये जाऊन लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडली. सिक्युरिटी ऑप्शन्सच्या यादीत खाली 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' आहे. ते 'फक्त एनटीएलएमव्ही२ उत्तर पाठवा' असं केलं. एक्सपी होम असेल तर ही खिडकी नसते, तिथं रजिस्ट्रीत एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल ३ करावी लागते.

मशिन पुन्हा सुरू केलं, पासवर्ड घातला आणि फोल्डर उघडलं.

वीस वर्षांच्या त्या यंत्राकडे सगळे अडाणी म्हणून बघत होते. त्याला येत होतं, कुणी विचारलं नव्हतं. मला तेव्हा खरोखर भरून आलं. पायवर एसएमबीस्टेटस ही कमांड दिली की कोण कोणत्या बोलीत जोडलेलं आहे ते दिसतं. दोन ओळी होत्या. काकांच्या नावापुढे एनटी१, छपाईच्या नावापुढे एसएमबी३_११. दोघं एकाच फोल्डरमध्ये. बाबांना बोलावून मी त्या दोन ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून नीट वाचल्या.

त्यानंतरची डागडुजी पटापट सांगते. काकांनी बनवलेल्या फाइलवर भावाला लिहिता येईना, फोल्डरच्या परवानग्या दोघांच्या सामाईक गटाला दिल्यावर सुटलं. दोन्ही मशिनांवर ड्राइव्हचं अक्षर झेडच ठेवलं. पेजमेकर आतल्या चित्रांचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे अक्षर बदललं की चित्रं हरवतात. जुनी कामं जुन्या जागीच राहू दिली, काम नव्यानं आलं की ते झेडवर न्यायचं असं ठरवलं.

फाइलच्या नावाचा घोटाळा मात्र आम्हाला आठवडाभर छळत होता. भाऊ गिऱ्हाइकाचा फोटो 'वधू-वर' असं मराठीत नाव देऊन झेडवर टाकायचा. काकांना फोल्डरमध्ये तो नीट दिसायचा, नावसुद्धा मराठीत. पण पेजमेकरमधून आणायला गेलं की नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आणि फाइल उघडत नाही. फोटो खराब झाला असं समजून आम्ही तो तीनदा मागवला. कारण वेगळंच निघालं. एक्सपी स्वतः युनिकोड जाणतो, पेजमेकर जाणत नाही. अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजमध्ये भाषावार जुन्या अक्षरसंचांची सोय असते, पण देवनागरीसाठी तसा संच विंडोजनं कधी केलाच नाही. त्यामुळे कुठलंही सेटिंग बदलून हे सुटणार नाही. आता फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, पुढे कामाचा रजिस्टरमधला नंबर. काकांना हे आवडलं, कारण त्यांचं रजिस्टर आणि फोल्डर आता एका क्रमानं लागतात.

सेल अर्थात पहिल्याच दिवशी बदलला. पण इंटरनेट तोडल्यावर त्या मशिनचं घड्याळ कोण लावणार? पाय आपली वेळ इंटरनेटवरून घेतो, म्हणून काकांच्या स्टार्टअपमध्ये एका ओळीची फाइल टाकली, 'नेट टाइम'ची. मशिन सुरू होताना ते पायला वेळ विचारतं आणि स्वतःचं घड्याळ लावून घेतं. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला काकांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे, सेल कधी बदलला त्याची तारीख. शेजारी प्लॅस्टिकच्या पुडीत दोन नवे सेल. अडॅप्टरच्या वायरवर बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय, "ही वायर राउटरला लावू नये."

पौषात लग्नं नसतात तेव्हा हाताशी थोडा वेळ होता. त्या पॅरलल पोर्टच्या लॉकाची मला रोज काळजी वाटते. ते एकच आहे, आणि ते गेलं तर वीस वर्षांचं मॅटर नुसतं बघत बसायची वेळ येईल. म्हणून काकांनी एक नवं काम सुरू केलंय. रोज दुपारी जेवण झालं की जुन्या कामांतल्या वीस-पंचवीस फाइली उघडायच्या, प्रत्येकीची पीडीएफ झेडवर काढायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे नव्या मशिनवर ती जशीच्या तशी दिसते. मी इकडे बसून ती उघडते, जोडाक्षरं आणि रफार बघते आणि रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे बरोबरची खूण करते. मध्येच एखादी जुनी पत्रिका निघाली की काका तिकडून हाक मारतात, "पोरी, ही बघ, तुझ्या आत्याच्या लग्नाची."

सध्या आम्ही २००९ वर आहोत.